घर-शाळा डेटा शेअरिंग (अमेरिका)

गरीब कुटुंबांना घर किंवा भाड्यात मदत देणारी सरकारी संस्था आणि त्या भागातल्या सरकारी शाळा करार करून आपापल्याकडची माहिती एकमेकांना देतात, मुलांचं शिक्षण मधेच तुटू नये म्हणून, त्याला घर-शाळा डेटा शेअरिंग म्हणता येईल. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतला. तिथं ३,००० हून जास्त स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटी आहेत, त्या स्वतःच्या इमारती चालवतात नाहीतर खाजगी घरासाठी व्हाउचर देतात, कुटुंबानं साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं भरायचं आणि वरचं सरकारकडून. घरात कोण कोण राहतं, जन्मतारखा काय, हे सगळं ऑथॉरिटीकडे असतं, फक्त पोरगं शाळेत जातंय का ते माहीत नसतं. शाळेला गैरहजेरी दिसते पण घर खाली करायची नोटीस आलीय हे कुठून कळणार?

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती वॉशिंग्टन राज्यातल्या टाकोमा शहराची. तिथल्या हिलटॉप भागात मॅकार्व्हर नावाची प्राथमिक शाळा आहे, आणि एका वर्षात मुलांची ये-जा पटसंख्येच्या १०० टक्क्यांच्या वर जायची. ऐकायला चुकीचं वाटतं, पण वर्षाच्या मधे आलेली आणि गेलेली दोन्ही मुलं धरतात, म्हणजे समजा पट ४०० चा आणि २१० आली, २०० गेली, की झालेच १०० च्या वर. बाईंनी मुलाला वाचायला बसवावं आणि महिन्याभरात त्याचं बाकडं रिकामं, आणि जी मुलं कुठंच जात नाहीत त्यांचाही वर्ग पुन्हा पुन्हा मागे येतो. मग २०११ मध्ये टाकोमा हाउसिंग ऑथॉरिटीनं या शाळेतल्या सुमारे ५० कुटुंबांना भाड्याची मदत सुरू केली, अट अशी की मूल याच शाळेत ठेवायचं, पालकांनी स्वतःच्या शिक्षण-नोकरीसाठी प्रयत्न करायचे आणि शाळेची माहिती बघायला परवानगी द्यायची. या मुलांचं शाळा बदलणं बाकीच्यांपेक्षा खूपच कमी झालं. शेजारच्या किंग काउंटीत २०१३ पासून हायलाइन भागातल्या शाळांनीच बेघर कुटुंबं ओळखून हाउसिंगकडे पाठवायला सुरुवात केली.

माहिती मात्र अशीच देता येत नाही. १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार मुलाचं शाळेतलं रेकॉर्ड बाहेर द्यायला, काही अपवाद सोडले तर, पालकांची लेखी संमती लागते, त्यात कुठलं रेकॉर्ड, कशासाठी, कोणाला हे लिहिलेलं पाहिजे आणि खाली सही-तारीख. म्हणून बऱ्याच ठिकाणी घराचे कागद भरतानाच संमतीचा फॉर्म पुढे करतात. इथं माझ्या मते खूप जपायला हवं, कारण घराची गरज असलेला माणूस समोर येईल त्यावर सही करतो, तेव्हा नाही म्हटलं तरी घर जाणार नाही हे त्याला त्याच्या भाषेत सांगितलंच पाहिजे.

संमती मिळाली तरी जुळवाजुळव उरतेच. दोन्हीकडे कॉमन नंबर नसतो, नाव आणि जन्मतारखेवरून मुलं शोधायची, स्पेलिंग वेगळं, आडनाव कधी आईचं कधी वडिलांचं. नावं नकोत तर नुसते एकत्रित आकडेही चालतात, अमुक इमारतीतली किती मुलं १० टक्क्यांहून जास्त दिवस गैरहजर (१८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन). पण इमारतीत चारच मुलं असतील तर आकड्यावरूनही मूल ओळखू येतं, म्हणून फार छोटे आकडे झाकून ठेवतात.

सगळ्यात मोठा घोळ ‘बेघर’ शब्दाचा. १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याखाली आज शाळा नाइलाजानं नातेवाइकांकडे दाटीवाटीनं राहणाऱ्या मुलालाही बेघर धरते, त्याला जुन्याच शाळेत राहायचा आणि जाण्यायेण्याची सोय मिळायचा हक्क असतो. घरबांधणी खात्याची व्याख्या त्याहून आखूड. त्यामुळे तेच मूल शाळेच्या यादीत बेघर आणि घराच्या रांगेत नाही, आणि दोन याद्या शेजारी ठेवल्याशिवाय हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मिळालेल्या माहितीचा उपयोग बहुतेक साधाच असतो. बालवाडीच्या वयाची मुलं कुठल्या इमारतीत आहेत ते बघून दारोदार जाऊन नाव नोंदवायला सांगणं, गैरहजेरी वाढली की घरी जाऊन विचारपूस करणं, इमारतीच्या दुरुस्तीसाठी कुटुंबं हलवायचीच असतील तर ती उन्हाळी सुट्टीत हलवणं.