स्टेज फिअर (भाषणाची भीती)

चार लोकांसमोर बोलायला उभं राहिलं की छातीत धडधडणं, तोंडाला कोरड, हात थरथरणं आणि पाठ केलेलं ऐनवेळी विसरणं याला स्टेज फिअर म्हणतात. ठाणे-नवी मुंबईत शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपासून सोसायटीच्या एजीएमपर्यंत (वार्षिक सभेपर्यंत) हे सगळीकडे दिसतं, ऐरोलीच्या ऑफिसात रोज टीमची मीटिंग घेणारा माणूसही गणपतीच्या स्टेजवर माइक हातात आला की अडखळतो.

इतके डोळे आपल्यावर रोखलेले दिसले की मेंदूला तो धोका वाटतो, अ‍ॅड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक सुटतं, ठोके वाढतात, लाळ कमी होते. हा ताण इतका हमखास येतो की जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठाच्या १९९३च्या प्रसिद्ध चाचणीत ताण आणायला माणसाला परीक्षकांसमोर भाषणच करायला लावतात. गांधीजी बॅरिस्टर होऊन आले तरी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच केसला उलटतपासणी करायला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना, शेवटी फी परत केली. म्हणजे हुशारीचा आणि याचा संबंध नाही, हे मुलांना आवर्जून सांगायला हवं.

आपली घाबरगुंडी सगळ्यांना दिसतेय असं वाटतं पण समोरच्यांना त्यातलं फार थोडं कळतं. २००३ मध्ये सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी बोलणाऱ्यांना हे आधीच समजावून सांगितलं तेव्हा त्यांची भाषणं खरंच चांगली झाली, ऐकणाऱ्यांनाही तसंच वाटलं. ‘घाबरू नकोस, शांत हो’ या सल्ल्याचा मात्र फारसा उपयोग होत नाही, धडधड अशी हुकमानं थांबत नाही. त्यापेक्षा ‘मला बोलायची उत्सुकता आहे’ असं स्वतःला म्हणणाऱ्यांचं भाषण सरस ठरलं, असं अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४च्या अभ्यासात दिसलं.

भीती सगळ्यात जास्त असते ती सुरुवातीला, मग हळूहळू उतरते, म्हणून पहिली दोन-तीन वाक्यं पक्की पाठ हवीत, बाकी नुसते मुद्दे. अख्खं भाषण घोकलं की एक शब्द सुटला तरी गाडी अडते. सराव मनात नाही, मोठ्यानं करायचा, आधी घरच्यांसमोर मग हळदीकुंकू, सोसायटीचा कार्यक्रम असं वाढवत न्यायचं, एकदम ठाण्याच्या गडकरी रंगायतनसारख्या मोठ्या नाट्यगृहाच्या स्टेजवर पाठवणं मला तरी चुकीचं वाटतं. ठाण्यातल्या रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेसारख्या ठिकाणी पुढे बसून वक्ता कुठे थांबतो, पाणी कधी पितो हेही बघावं.

काहीजण प्रोप्रानोलॉल नावाची गोळी घेतात, त्यानं ठोके आणि थरथर कमी होते पण दमा असणाऱ्यांना ते धोक्याचं आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. भीतीपायी कॉलेजची तोंडी परीक्षा किंवा नोकरीचा इंटरव्ह्यूच टाळला जात असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, त्यावर उपचार आहेत.