बेथोवेननं दिलेला गृहपाठ

पियानोवर व्हेरिएशन्स (एकाच चालीची बदलत नेलेली रूपं) लिहायला पूर्वी कसं शिकवायचे हे बघायचं तर बेथोवेनचा शिष्य आर्चड्यूक (म्हणजे ऑस्ट्रियाचा राजपुत्र) रुडोल्फ याचं प्रकरण बघावं, कारण त्यात गुरूनं दिलेली चाल, शिष्यानं केलेलं काम आणि गुरूच्या दुरुस्त्या असं सगळं कागदावर शिल्लक आहे.

पण आधी थोडं मागे जाऊ. बेथोवेन स्वतः असाच शिकला. बॉनमध्ये नेफे नावाचे त्याचे गुरू होते, त्यांनी बाखची प्रिल्यूड (सुरुवातीच्या छोट्या रचना) आणि फ्यूग (एकच चाल अनेक आवाजांत एकामागून एक गुंफलेल्या रचना) हातात दिली आणि ड्रेसलर नावाच्या गायकाच्या एका मार्चवर, म्हणजे कवायतीच्या चालीवर, 9 व्हेरिएशन्स लिहून घेतली. ती 1782 मध्ये मानहाइमला छापून आली, पोराला उत्तेजन म्हणून नेफेंनीच छापवली. वरती वय 10 लिहिलंय, खरं तर पोरगा 11 पूर्ण झालेला (वय चोरायची हौस तेव्हाही होतीच). आठ व्हेरिएशन्स सी मायनर या जरा उदास स्वरमेळात आणि शेवटचं एकदम सी मेजर या उजळ स्वरमेळात, धावतं. अकराव्या वर्षी एवढं जमलं म्हणजे झालंच की.

यात शिकायचं काय, तर चाल बदलायची पण खालचा बेस (खर्जातले सूर) आणि हार्मनीचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा) सांगाडा जागेवर ठेवायचा. आपल्याकडे बंदिश तीच ठेवून बढत करतात त्याच्या जवळ जाणारं आहे, फक्त इथे सगळं लिहून दाखवायचं, त्यामुळे कुठे घसरलात ते लगेच दिसतं.

रुडोल्फ म्हणजे सम्राट लिओपोल्डचा धाकटा मुलगा, बेथोवेनचा शिष्य आणि आश्रयदाताही. 1809 मध्ये बेथोवेननं व्हिएन्ना सोडू नये म्हणून तिघांनी मिळून त्याला वर्षाला 4000 फ्लोरिन द्यायचं कबूल केलं, त्यात रुडोल्फचे 1500. आता ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्यालाच चुका दाखवायच्या म्हणजे अवघडच, आणि बेथोवेन शिकवणीला कंटाळायचाही, तब्येत बरी नाही म्हणून न येण्याच्या चिठ्ठ्या त्यानं ढिगानं पाठवल्यात.

तरी 1818 च्या वसंतात त्यानं रुडोल्फला ‘ओ होफनुंग’, म्हणजे ‘हे आशे’, ही इवलीशी चाल लिहून दिली. तोपर्यंत त्याचे कान इतके गेलेले की लोक वहीत लिहून त्याच्याशी बोलायला लागले होते, त्यामुळे वाजवलेलं ऐकून शिकवणं जवळपास संपलेलं, कागद बघूनच दुरुस्त्या. शिष्यानं एक-दोन नाही, 40 व्हेरिएशन्स केली! 1819 मध्ये ती व्हिएन्नात श्टायनरनं छापली, मुखपृष्ठावर चालीला सरळ ‘गृहपाठ’ म्हटलंय, अर्पणपत्रिका गुरूला, आणि शिष्याच्या नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं.

पुढे जुलै 1823 च्या पत्रात बेथोवेन त्याला सांगतो की पियानोशेजारी एक छोटं टेबल ठेवा आणि सुचेल ते तिथल्या तिथे उतरवा, पण पियानोशिवायही लिहायची सवय करा. मला अख्ख्या प्रकरणातली ही टेबलाची आणि पियानोशिवाय लिहायची गोष्ट सगळ्यात आवडते, कारण बोटं आपोआप ओळखीच्या जागीच जातात हे कुणीही वाजवणारा सांगेल.

1819 मध्येच डियाबेली नावाच्या प्रकाशकानं आपला एक वॉल्ट्झ, म्हणजे नाचाची धून, व्हिएन्नातल्या संगीतकारांना वाटून प्रत्येकी एकेक व्हेरिएशन मागितलं. बेथोवेननं एकट्यानं 33 लिहिली, ती वेगळी छापली. बाकीच्या पन्नास जणांच्या पुस्तकात बेथोवेनचा शिष्य चेर्नी आहे आणि चेर्नीचा शिष्य, छोटा लिस्टही आहे, म्हणजे नेफेंपासून मोजलं तर चौथी पिढी. पुस्तक आडनावांच्या क्रमानं लावलंय, शूबर्ट 38 वा. आणि 40 वा रुडोल्फ, फ्यूग लिहून, इथेही नाव नाही, लॅटिन पदवीची ‘एस’नं सुरू होणारी आद्याक्षरं तेवढी, म्हणून तर तो ‘आर’ सोडून ‘एस’मध्ये जाऊन बसलाय.