चरखा म्हणायचे नेमके कशाला?

हातकताईकडे छंद म्हणून वळणाऱ्यांत दोन तऱ्हा दिसतात. काहींनी शाळेत मूलोद्योगाच्या तासाला टकळी फिरवलेली असते, काहींनी चरखा फक्त फोटोत पाहिलेला असतो. फसगत मात्र दोघांचीही ‘चरखा’ या एकाच शब्दावर होते.

सूत मोजून देण्याची शिस्त १९२४ सालची. काँग्रेसच्या बेळगाव अधिवेशनात सभासदत्वासाठी महिन्याला २,००० वार सूत ठरले. वर्षभरात पाटण्याला त्याला चार आण्यांचा पर्याय मिळाला, आणि बहुतेकांना चार आणेच सोपे वाटले असणार. पेटी चरखा, म्हणजे येरवडा चक्र, त्यानंतरचा. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या गरजेतून घडलेला, मिटला की काखेत मावणारा. दरम्यान १९२९ मध्ये जलद चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. आठ तासांत १६,००० फूट सूत, किंमत दीडशेच्या आत. किर्लोस्करवाडीत एक यंत्र तयारही झाले, पण बक्षीस कुणालाच मिळाले नाही.

खरा गुंता अंबर चरख्यापासून. पन्नाशीच्या दशकात तमिळ मुलखातून आलेल्या या यंत्राला चार चात्या, म्हणजे पीळ देऊन सूत गुंडाळणारे दांडे, होत्या. सरकारने त्यासाठी चौकशी समिती नेमली आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत त्याला मोठे स्थान मिळाले. हेतू रोजगाराचा, त्याबद्दल वाद नाही. पण पेटी चरख्यावर उजव्या हाताने चाक फिरते आणि डाव्या चिमटीतला पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वळी, मागे खेचावा लागतो. धागा किती जाड, पीळ कधी पुरे, हे ती चिमूट ठरवते. अंबरमध्ये खेचायचे काम रूळ करतात, माणूस फक्त दांडा फिरवतो. गिरणीतली रिंगकताईच ती, दांड्यावर आणलेली. तरी नाव ‘चरखा’ आणि सूत ‘हातकताईचे’. १९५६ च्या कायद्याने हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणलेले कापड ती खादी, असे म्हटले. पण हाताने म्हणजे बोटांनी की दांड्याने, हा प्रश्न तसाच राहिला. एकदा दांडा चालला की पुढे सोलर चरखाही आलाच. २०२१ च्या अखेरीस राष्ट्रध्वजाच्या संहितेत हाताने कातलेल्या-विणलेल्या कापडासोबत यंत्रावर विणलेले कापड आणि पॉलिएस्टर चालू लागले तेव्हा ओरड झाली. माझ्या मते ती साठेक वर्षे उशिराची.

छंदी माणसाला या वादाचे सोयरसुतक नसते, असे वाटेल. पण अंबरला लागते ती सूतगिरणीसारख्या यंत्रांवर तयार झालेली वात, म्हणजे कापसाची जाडसर, सैल पिळाची लड. पेटी चरख्याला पेळू हवा, आणि चरखा सहज मिळाला तरी चांगले पेळू मिळताना दमछाक होते. मग सरकी काढलेला कापूस घरीच पिंजायचा. बरेच जण त्यासाठी कुत्र्याचे केस विंचरायचे तारांचे दोन ब्रश आणतात, पिंजलेला पापुद्रा विणायच्या सुईवर गुंडाळतात आणि सुई अलगद ओढून घेतात. पहिले दहाबारा पेळू गाठाळच होतात. जुन्या मापाची एक गुंडी, म्हणजे चार-चार फुटांचे ६४० तार, भरायला त्यातले बरेच खपतात.