शिट्टीत गॅस किती जातो?

परवा घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. गॅसच्या नळीला दोन लोहचुंबक बांधा, ‘रेणू सरळ होतात’ आणि सिलिंडर दहा दिवस जास्त जातो म्हणे. एका काकांनी ते मागवलेसुद्धा. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. चुंबकाने त्यांचं काही वाकडं होत नाही, मग सरळ काय होणार? शिवाय ज्योत निळी असेल तर गॅस जवळपास पूर्ण जळतोच आहे. पिवळी असेल तर चुंबक नको, टाचणी घ्या आणि गार बर्नरची भोकं साफ करा.

गॅस वाया जातो तो नळीत नाही, पातेल्याच्या तोंडातून.

शाळेतलं आठवून बघा. १ ग्रॅम पाण्याचं तापमान १ अंशाने वाढवायला १ कॅलरी लागते. म्हणजे २५ अंशांचं पाणी उकळीपर्यंत न्यायला ग्रॅममागे ७५ कॅलरी. पण त्याच उकळत्या ग्रॅमची वाफ करायला ५४० लागतात, आणि तेवढ्या वेळात तापमापक १०० वरून तसूभर हलत नाही. हाच तो अप्रकट उष्मा. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनी १७६०च्या दशकात तो ओळखला. एकसारख्या आचेवर पाणी उकळायला किती वेळ लागतो आणि ते आटून जायला किती, एवढंच त्यांनी ताडून पाहिलं होतं. आटायला कितीतरी पट जास्त वेळ लागत होता. ही उष्णता जाते पाण्याचे रेणू एकमेकांपासून सोडवण्यात. डाळीच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

म्हणून उकळी फुटल्यावर गॅस मोठा ठेवला तरी पाणी १०० अंशांचंच राहतं, फक्त वाफ जास्त होते. हिशेबच करू. १ किलो एलपीजीत सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. त्यातल्या ६० टक्के भांड्याला पोचतात असं धरलं, तर १ लिटर पाणी उडवायला साधारण ८० ग्रॅम गॅस जातो. उघड्या पातेल्यांतून रोज अर्धा लिटर वाफ गेली, तर महिन्याला १.२ किलो. १४.२ किलोच्या सिलिंडरचा बारावा हिस्सा नुसता खिडकीबाहेर.

आमची आई मटकीच्या उसळीवर ताटली ठेवते आणि ताटलीत वाटीभर पाणी. लहानपणी मला ती वासाची भानगड वाटायची. कोरडी ताटली लगेच तापते आणि वाफ कडेने निसटते. पाण्याची ताटली वाफेपेक्षा थंड राहते, वाफ तिच्या पोटाला लागून थेंब होते, आणि थेंब होताना तेच ५४० ताटलीला परत करते. थेंब उसळीत पडतात म्हणून ती करपत नाही. वरचं पाणी चटका बसेल इतकं तापतं आणि रस कमी पडला की तेच आत जातं. नळाचं गार पाणी ओतलं असतं तर उकळी मोडली असती. आईला हे सूत्र ठाऊक नाही. तिला ठाऊक आहे की मटकी शिजते.

कुकरची गंमत वेगळी. वरच्या वजनामुळे आत साधारण १ वातावरण, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतका, जादा दाब साठतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्या मापाने शिजण्याचा वेग चौपट. दाब पुरा झाल्याची खूण म्हणजे पहिली शिट्टी. पुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे उडालेली वाफ. तीन शिट्ट्या हे वेळेचं माप नाही. मोठ्या आचेवर त्या चार मिनिटांत होतील, बारीक आचेवर वीस मिनिटांतही होणार नाहीत. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि घड्याळ बघायचं. भिजवलेल्या तूरडाळीला आमच्याकडे दहा मिनिटं पुरतात. बंद केल्यावर दाब आपोआप उतरेपर्यंत डाळ आत शिजतच असते, तेवढी फुकट. झाकण नळाखाली धरणाऱ्यांनी ती सोडून दिली म्हणायची.

हे सगळं मी आईला कागदावर आकडे मांडून समजावलं. तिने ऐकून घेतलं, गॅस बारीक केला, दहा मिनिटांनी बंद केला. वरण छान गुरगुट झालं होतं.

“ते ठीक आहे रे,” ती म्हणाली, “पण उद्या मावशीने विचारलं तर किती शिट्ट्या सांगू?”