जुन्या मराठी फायलींतला मजकूर बाहेर काढताना

पेजमेकर या पानांची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या काळात लागलेली मराठी पुस्तके, स्मरणिका, दिवाळी अंक आजही अनेकांच्या सीडीवर असतात. फाइल नव्या संगणकावर उघडली की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे आणि विचित्र चिन्हे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात मराठी मजकूर असा कधी साठवलेलाच नव्हता.

श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांचे फाँट जेमतेम २५६ जागांत बसवलेले असत. रोमन अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, रफार, अर्धा स असे आकार ठेवलेले. भारतीय लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारे इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये आले होते, पण छपाईच्या फाँटमध्ये कोणत्या जागी कोणता आकार हे सांगणारा तक्ता ज्याचा त्याचा वेगळाच राहिला. म्हणून फाँट हरवला की फायलीचा अर्थही हरवतो.

मूळ फायलीची प्रत काढा, तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा, फायलीवरून काढलेला आकडा) नोंदवा आणि मूळ फाइल पुन्हा ‘सेव्ह’ करू नका. मग फाँटचे नेमके नाव शोधा; वर्डमध्ये फाँट नसला तरी नाव दिसते. त्याच नावाची टीटीएफ फाइल, म्हणजे खुद्द फाँटची फाइल, जुन्या मशीनवरून उचलून सोबत ठेवा. आवृत्ती बदलली तर तक्ताही बदललेला असू शकतो. पेजमेकर ६ आणि नंतरच्या फायली इनडिझाइन या मांडणीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये सीएस६ आवृत्तीपर्यंत उघडत, पुढच्या आवृत्त्यांत नाही. लिब्रेऑफिस ड्रॉ हे मोफत सॉफ्टवेअर ४.४ आवृत्तीपासून त्या वाचते; मांडणी विस्कटते, मजकूर सहसा निघतो.

खरी कसोटी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, बदलताना लागते. जुन्या फाँटमध्ये आकार डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टाइप होत, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘स्थिती’ची पहिली वेलांटी फायलीत सगळ्यांत आधी असते. कन्व्हर्टरने, म्हणजे हा बदल करणाऱ्या प्रोग्रामने, ती एकच आकार ओलांडून ठेवली की ‘स्िथती’ होते. अर्धी अक्षरे सगळी ओलांडून पूर्ण व्यंजनानंतर ती यायला हवी. रफाराचे उलटे: तो अक्षरानंतर टाइप झालेला असतो आणि मागे न्यावा लागतो, ‘मूर्ती’सारख्या शब्दात तर वेलांटीच्याही मागे. मराठीची खास अडचण ‘दुसऱ्या’मध्ये. हिंदी मजकुरासाठी लिहिलेला कन्व्हर्टर तिथे साधा र घालतो आणि ‘दुसर्या’ हाती येते. हवा असतो नुक्तावाला ऱ, त्यापुढे हलंत आणि य.

सगळ्यांत फसवी चूक मात्र दिसतच नाही. ‘ओ’ची मात्रा जुन्या फाँटमध्ये काना आणि मात्रा असे दोन आकार जोडून होई. कन्व्हर्टरच्या तक्त्यात जोडी आधी आणि सुटे आकार नंतर बदलले नाहीत, तर ‘मोर’मध्ये दोन वेगळी चिन्हे राहतात. अनेक फाँटमध्ये शब्द बरोबर दिसतो, शोधला की सापडत नाही. ‘आ’ऐवजी अ आणि काना राहिला तरी तेच. म्हणून बदललेल्या मजकुरात तीन गोष्टी शोधा: कान्यापुढे मात्रा, अ-पुढे काना, शब्दाच्या सुरुवातीला वेलांटी. एकही सापडली तरी तक्ता दुरुस्त करून पूर्ण फाइल पुन्हा चालवा. हाताने दोन-चार शब्द सुधारण्यात अर्थ नाही. मधले इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्ते फाँटच्या नावावरून आधी वेगळे काढा, नाहीतर त्यांचेही देवनागरी कडबोळे होते.

पीडीएफ आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. पीडीएफ/ए हे दीर्घकाळ जपणुकीसाठीचे पीडीएफचे मानक. २००५ च्या पीडीएफ/ए-१ मधली ‘बी’ पातळी फाँट आत बसवून पानाचे रूप जपते, मजकुराची हमी देत नाही. २०११ च्या पीडीएफ/ए-२ मधली ‘यू’ पातळी प्रत्येक आकाराला युनिकोड मागते, पण जुन्या फाँटने तिथे रोमन अक्षर सांगितले तरी तपासणी पार पडू शकते. तेव्हा मूळ फाइल, फाँट, पीडीएफ/ए आणि यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची नेहमीची पद्धत) मधला मजकूर अशा चारही गोष्टी एकाच फोल्डरमध्ये असाव्यात, आणि त्या फोल्डरच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी.

फाँटचा पत्ताच लागला नाही, पण छापील प्रत आहे, तर ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरच्या मराठी मॉडेलने ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर काढा. फाँट मिळाला असला तरी हा मार्ग पडताळणीला उपयोगी आहे. ओसीआर आणि कन्व्हर्टर यांच्या चुका वेगवेगळ्या जातीच्या असतात. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून जिथे फरक दिसेल तेवढेच शब्द मूळ पानाशी ताडायचे.