देवणी गोऱ्हा रेतन केंद्राला द्यायचाय? आधी त्याच्या आईची दूधनोंद पाहा

उदगीर-देवणीकडं एखादा गोऱ्हा अंगानं भरला, वशिंड उठून दिसलं की चारजण म्हणतात, "सरकारी केंद्राला द्या हा." पण वळूंचं वीर्य गोठवून कृत्रिम रेतनासाठी पुरवणाऱ्या या केंद्रात नुसत्या देखणेपणावर निवड होत नाही. पहिला कागद मागतात तो गोऱ्ह्याच्या आईचा.

केंद्र सरकारच्या किमान मानकांत प्रत्येक जातीसाठी आईच्या दुधाची मर्यादा ठरलेली आहे. देवणी असो की लाल कंधारी, जातीची लक्षणं स्पष्ट हवीत आणि दूध नोंदीनं सिद्ध व्हायला हवं. नोंद म्हणजे महिन्यातून एकदा सकाळ-संध्याकाळचं दूध मोजायचं आणि त्यावरून 305 दिवसांच्या वेताचा हिशेब काढायचा. आमच्या भावकीत एक सुरेख बालंक्या (देवणीतलाच एक प्रकार) गोऱ्हा होता. आई भरपूर दुधाची, पण नोंद एकही नाही. विषय तिथंच संपला. सरलेल्या वेताची नोंद मागाहून करता येत नाही, म्हणून गाय व्याली की लगेच तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा. अर्जाची चौकशीही तिथूनच सुरू करा.

सोबत ठेवायचे कागद: गोऱ्हा आणि आई दोघांच्या कानातल्या बिल्ल्याचे 12 अंकी क्रमांक, दूधनोंद, लसीकरणाची नोंद, मालकाचं आधार आणि बँक पासबुक. बापाचा क्रमांकही लागतो. तो रेतनाच्या कांडीवर (गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळीवर) छापलेला असतो, त्यामुळे गाय भरवली त्याच दिवशी लिहून ठेवा. आई-बाप खरे तेच आहेत का, हे पुढं डीएनए चाचणीत कळतं.

निवड झाली तरी गोऱ्हा थेट केंद्रात जात नाही. किमान 60 दिवस त्याला वेगळं ठेवतात. क्षय, जोन्स, ब्रुसेल्ला अशा रोगांच्या चाचण्या होतात. एकीत जरी दोष निघाला तरी तो बाद, आणि यात सवलत नसावी असंच मला वाटतं. एका वळूच्या कांड्या हजारो गायींपर्यंत जातात.

मग वीर्याची पाळी. दर वेळी प्रमाण, दाटपणा आणि शुक्राणूंची हालचाल पाहतात. ताज्या वीर्यात 70 टक्के शुक्राणू पुढं सरकणारे हवेत. 0.25 मिलीच्या कांडीत साधारण 2 कोटी शुक्राणू भरून ती उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. गोठवून पुन्हा वितळवल्यावर निम्मे तरी हलते राहिले नाहीत तर ती खेप फेकून देतात.

हे आकडे वाईट वीर्य बाजूला काढतात, गाभण राहण्याची हमी मात्र देत नाहीत. शुक्राणू पळताना दिसतो, पण त्याचं आवरण फाटलेलं असू शकतं किंवा आतला डीएनए तुटलेला असू शकतो. आवरण तपासायला वीर्य कमी क्षारांच्या द्रावणात टाकतात. शाबूत शुक्राणूची शेपटी फुगून वळते. एवढं करूनही, सगळ्या चाचण्या पार केलेल्या दोन वळूंच्या गर्भधारणेत फरक पडतोच.

तो फरक कळतो तुमच्या गोठ्यातून. रेतन गायीच्या बिल्ला क्रमांकावर नोंदवून घ्या आणि तीन महिन्यांनी गाभण तपासणीही नोंदवा. गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तर तेही सांगा, माज कधी दिसला आणि रेतन किती तासांनी झालं यासकट. नाहीतर उशिरा भरवल्याचा दोष वळूच्या नावावर जातो.