मोजता आलं, की विकता येतं

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एखाद्या कापड दुकानात खतावणी गेली आणि संगणक आला, छापील बिलं निघू लागली, साठा पडद्यावर दिसू लागला, तर दुकान डिजिटल झालं असं आपण म्हणतो. पण गिऱ्हाईक तेच, माल तोच, उधारी तेवढीच आणि दिवाळीआधी माल भरून ठेवायची धास्तीही तीच. मुनीमजींचं काम हलकं झालं. धंदा जागचा हलला नाही.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये एक टोमणा मारला होता: संगणकाचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत तेवढं दिसत नाही. असं का, याचं मला पटलेलं उत्तर पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने १९९० मध्ये दिलं. त्यासाठी तो विजेच्या इतिहासात मागे गेला. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ चं, पण अमेरिकेतल्या कारखान्यांची उत्पादकता खरी उसळली ती १९२० च्या दशकात. मधली चाळीस वर्षं कुठे गेली?

वाफेच्या गिरणीत एक मोठं इंजिन असे. त्यावर सगळ्या खात्यातून जाणारा लोखंडी दांडा फिरे आणि पट्ट्यांनी प्रत्येक यंत्र त्या दांड्याला जोडलेलं असे. त्यामुळे यंत्र कुठे ठेवायचं हे कामाच्या सोयीने ठरत नसे, दांड्याच्या सोयीने ठरे. वीज आल्यावर मालकांनी इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली. दांडा आणि पट्ट्या तशाच ठेवल्या. फायदा झाला, पण किरकोळ. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर मिळाली, इमारती बैठ्या झाल्या आणि माल ज्या क्रमाने पुढे सरकतो त्या क्रमाने यंत्रं लागली, तेव्हा कुठे आकडे बदलले.

सोलापूरकराला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. १८७७ साली उभी राहिलेली जुनी गिरणी हे त्या दांड्याच्या काळाचं गाव होतं. हजारो माणसं एका भोंग्यावर यायची. छोटी मोटर आली आणि चार माग एका शेडमध्ये, अगदी घराच्या मागच्या खोलीतही चालू शकले. शहराच्या पूर्व भागातला यंत्रमाग धंदा त्यातून शक्य झाला. (कामगार कायदे, कर आणि सरकारचं कापड धोरण यांचाही त्यात वाटा होता. सगळं श्रेय मोटरला देणं अन्यायाचं होईल.) कापड तेच, पण मालक बदलला, भांडवलाचा आकार बदलला, मजुरीची रीत बदलली आणि मंदी आली तर बुडणार कोण, हेही बदललं. बिझनेस मॉडेल बदलणं म्हणजे हे. आपण काय विकतो, पैसे कशाचे घेतो आणि फटका बसला तर तो कुणाच्या अंगावर येतो, या तीन प्रश्नांची उत्तरं बदलली नाहीत, तर बदललं ते फक्त यंत्र.

आता डिजिटलकडे येऊ. गंमत अशी की, सोलापुरी चादरीची नक्षी संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून डिजिटलच होती. फ्रान्समधल्या लिऑन शहरात जोसेफ मारी जकार्डने १८०४ मध्ये जे यंत्र केलं, त्यात नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांत साठवलेली असते. कार्डावर भोक असेल तर त्या जागचा हुक वर जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलतो, नसेल तर धागा खालीच राहतो. हो किंवा नाही, एक किंवा शून्य. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, प्रत्येक फेकीला एक कार्ड. समजा जकार्ड ४०० हुकांचा आहे आणि नक्षी पुरी व्हायला २,००० फेकी लागतात. म्हणजे ८ लाख ‘हो-नाही’, संगणकाच्या भाषेत साधारण १०० किलोबाइट. तुम्ही फोनवर काढलेला त्याच चादरीचा फोटो याच्या वीस-तीस पट मोठा असतो. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना जकार्डवरूनच उचलली. पुढे हर्मन हॉलरिथने १८९० च्या अमेरिकी जनगणनेत भोकांची कार्डं वापरली आणि त्याची कंपनी कालांतराने आयबीएममध्ये विलीन झाली.

मग अडत काय होतं? आकडे पुठ्ठ्यात अडकलेले होते. नवी नक्षी म्हणजे आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरायचे, मग कार्डं पंच करायची, ती दोरीने एकमेकांना शिवून माळ करायची आणि मग माग थांबवून ती वर चढवायची. १९८३ मध्ये बोनास या ब्रिटिश कंपनीने मिलानच्या यंत्र प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जकार्ड आणला. हुक धरायला पुठ्ठ्याऐवजी विद्युतचुंबक, आणि नक्षी एका फाइलमध्ये. मागाचं तत्त्व तसूभरही बदललं नाही. नक्षी बदलण्याचा खर्च मात्र कोसळला.

या खर्चाचं एक गणित आहे. ते फोर्ड हॅरिस नावाच्या अभियंत्याने १९१३ मध्ये मांडलं. एका भाकरीसाठी कुणी चूल पेटवत नाही. चूल पेटलीच आहे तर पाच-दहा थापून घेतात. पण उद्याच्या, परवाच्या भाकरीही आजच थापल्या तर त्या शिळ्या होतात. कारखान्यात चूल पेटवणं म्हणजे नक्षी बदलणं, आणि शिळं होणं म्हणजे गोदामात पडून राहिलेल्या मालावरचं व्याज. या दोन खर्चांचा तोल जिथे साधतो, तेवढ्या नगांचा लॉट काढावा. हॅरिसच्या सूत्रात हा लॉट बदलाच्या खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. बदलाचा खर्च चौथ्या हिश्शावर आला की लॉट निम्मा होतो, शंभराव्या हिश्शावर आला की दहावा. समजा, एका नक्षीच्या ६०० चादरी काढल्याशिवाय परवडत नव्हतं. आता ६० काढूनही परवडेल.

साठ चादरी म्हणजे एका वसतिगृहाची ऑर्डर. एका लग्नातला आहेर. नाव विणलेले टॉवेल हवे असलेलं एक छोटं हॉटेल. आजवर या गिऱ्हाइकांना ‘एवढ्या थोड्या नगांना नाही जमणार’ हेच उत्तर मिळत असे. आता त्यांच्याकडून आधी ऑर्डर आणि आगाऊ रक्कम घ्यायची, मग सूत आणायचं, मग विणायचं. वरकरणी हा नुसता क्रम बदलला. पण कारखानदार आधी सूत घेतो, मग विणतो, मग व्यापाऱ्याला उधार देतो आणि मग महिनोन्‌महिने वाट पाहतो, या साखळीत व्याज त्याच्या खिशातून जातं. क्रम उलटला की गिऱ्हाइकाचाच पैसा भांडवल होतो. डेल कंपनीने १९९० च्या दशकात संगणक असेच विकले. गिऱ्हाइकाचे पैसे आधी हातात पडत आणि सुट्या भागांच्या पुरवठादारांना नंतर दिले जात.

इथे एक खडा येतो, आणि तो डिजिटलवाले सहसा सांगत नाहीत. नक्षी फाइलीने बदलते, ताणा नाही. ताण्यात हजारो धागे असतात. रंग बदलायचा तर नवी बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) चढवायची आणि जुन्या ताण्याच्या एकेका टोकाला नव्याचं टोक सांधायचं. सांधायचं यंत्र असलं तरी त्यात तास जातात, आणि तेवढा वेळ माग उभा राहतो. ‘हवा तो रंग, एक नगसुद्धा’ असं वेबसाइटवर लिहून देणारा माणूस मागाजवळ कधी उभा राहिलेला नसतो. शहाणा कारखानदार ताण्याचे दोन-तीन रंग पक्के ठेवतो आणि निवड बाण्यात आणि नक्षीत देतो. गिऱ्हाइकाला निवड भरपूर वाटते, मागाला ती थोडकीच असते.

दुसरा बदल याहून खोल आहे: वस्तू विकायच्याऐवजी तिचा वापर विकणं. १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने आपल्या वायपर विमान इंजिनासाठी उड्डाणाच्या दर तासामागे ठराविक रक्कम घेऊन दुरुस्ती आणि सुटे भाग पुरवायला सुरुवात केली. पुढे ती कंपनी रोल्स-रॉइसकडे गेली आणि हा करार ‘पॉवर बाय द अवर’ या नावाने गाजला. आधी इंजिन बिघडलं की दुरुस्तीचं बिल निघे, म्हणजे बिघाड हीच कमाई. आता बिघाड झाला की नुकसान इंजिनवाल्याचं. तीच माणसं, तेच इंजिन, पण कुणाला काय परवडतं ते उलटं झालं.

हे विमानातच आधी का जमलं? कारण विमान किती तास उडालं याची नोंद तिथे काटेकोर ठेवलीच जात होती. करार करायला जे मोजावं लागतं, ते फुकटात मोजलेलं होतं. इतर यंत्रांना थांबावं लागलं, स्वस्त सेन्सर आणि इंटरनेट येईपर्यंत. आता केझर ही जर्मन कंपनी गिऱ्हाइकाच्या आवारात कॉम्प्रेसर बसवून दाबाखालची हवा घनमीटरवर विकते. कॉम्प्रेसर तिचाच राहतो.

मागावर हे करता येईल? पीक, म्हणजे बाण्याची एक फेक, मोजणं आपल्याला नवं नाही, इचलकरंजीत तर मजुरीच पिकावर ठरते. पण पीक मोजल्याने माग किती चालला ते कळतं, का थांबला ते कळत नाही. समजा, माग बनवणाऱ्याने मालकी स्वतःकडे ठेवून दर लाख पिकांमागे भाडं घ्यायचं ठरवलं. पहिल्याच महिन्यात भांडण होईल. माग थांबला तो सूत निकृष्ट म्हणून, वीज गेली म्हणून, की यंत्राचा भाग झिजला म्हणून? ताण्याचा धागा तुटला, बाण्याचा तुटला, की मोटरचा प्रवाह वाढला, याची वेळेसकट वेगवेगळी नोंद होत असेल तरच तंटा मिटेल आणि तरच भाव ठरेल. तपशील मोजता आला की जोखमीचे तुकडे करता येतात, आणि ज्याला जो तुकडा पेलवतो त्याने तो घ्यायचा. सोलापुरात असा करार उद्या होईल असं मी म्हणत नाही. जुने माग स्वस्तात मिळत असताना भाड्याने कोण घेईल?

पैशाच्या बाबतीत मात्र हे आपल्या डोळ्यांदेखत झालं आहे. कन्ना चौकातल्या चहाच्या गाडीवर ‘पैसे प्राप्त झाले’ म्हणून ओरडणारी डबी बघा. जानेवारी २०२० पासून गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातून यूपीआयने घेतलेल्या पैशावर दुकानदाराला कमिशन पडत नाही. मग ही सेवा देणारी कंपनी जगते कशावर? एक, डबीचं महिन्याचं भाडं. दुसरं आणि महत्त्वाचं, कर्जं. ज्याच्याकडे ना ताळेबंद ना तारण, त्याची रोजची विक्री आता दिसते, म्हणून त्याला कर्ज देता येतं आणि हप्ता रोजच्या जमेतून कापून घेता येतो. पैसे पोचवणं हा धंदा राहिलाच नाही. पोचवताना जे कळलं, तो धंदा झाला. मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या कारखानदारासाठी ट्रेड्स ही बिलांवर पैसे मिळवून देणारी व्यवस्था याचीच थोरली बहीण. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या या मंचांवर खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात. विणकराला थोडी कसर सोसून पैसे लगेच मिळतात. खरेदीदाराने पुढे बुडवलं तर बँक विणकराकडे मागायला येत नाही.

ऑनलाइन बाजाराकडे मी जरा संशयाने पाहतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दाखवून दिलं की, मालाचा कस विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू बाहेर फेकला जातो; कारण घेणारा सरासरी भावच देतो. फोटोत जाड चादर आणि विरळ चादर सारखीच दिसते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी नाव सोलापुरी आणि माल भलतीकडचा, असे प्रकार होतात ते यामुळेच. यावर इलाज पुन्हा मोजण्याचाच: चौरस मीटरमागे वजन किती ग्रॅम, सूत कोणतं, विणली कुठे, हे तपासता येईल असं छापणं.

पण मोजमाप कुणाच्या हातात, यालाही महत्त्व आहे. कोणता रंग कोणत्या शहरात खपतो, कुणी परत पाठवला, कुणी नुसता पाहून सोडला, किती रुपये कमी केले की हात पुढे येतो, हे सगळं माल विकणाऱ्या ऑनलाइन मंचाला कळतं. अक्कलकोट रोडवरच्या कारखानदाराला कळतं ते एवढंच की, अमुक इतके नग पाठवा. चादरीच्या घडीत स्वतःच्या फोन नंबरची चिठ्ठी घालावी, म्हणजे पुढची चादर गिऱ्हाईक थेट मागवेल, हा त्यावरचा साधा उपाय. मंचाच्या नियमांत तो सहसा बसत नाही.